‘ऑझी’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या माणसाला बोलीभाषेत ‘ऑझी’ म्हणतात, एवढे बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते. बॉर्डर-गावस्कर करंडकाची मालिका सुरू झाली की क्रीडा पानांवर हा शब्द रोज दिसतो, आणि मेलबर्न किंवा सिडनीला शिकायला गेलेल्या मुलांच्या बोलण्यातून तो आता घराघरांत पोहोचला आहे. मात्र शब्द ओळखीचा झाला, म्हणजे त्याचा उच्चार, त्याचा सूर आणि त्याची व्याप्ती कळली असे होत नाही. बातम्या, प्रवासवर्णने, भाषांतरे आणि समाजमाध्यमांवरील मजकूर वाचताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांतील काही केवळ शुद्धलेखनाच्या आहेत; काही मात्र समोरच्या माणसाला त्याच्याच देशात परका ठरवतात, आणि या लेखाचा मोठा भाग त्या दुसऱ्या प्रकारासाठी राखला आहे.

उच्चार आणि लेखन

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘ऑसी’ हा उच्चार. इंग्रजी स्पेलिंगमध्ये लागोपाठ दोन ‘एस’ असल्यामुळे ‘स’ उच्चारावासा वाटणे साहजिक आहे आणि अमेरिकेत तसा उच्चार बऱ्याचदा ऐकूही येतो. परंतु ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन या तिन्ही देशांत हा शब्द ‘ऑझी’ असाच म्हटला जातो. त्यामागे ऑस्ट्रेलियन बोलीची एक पक्की सवय आहे. तिथे लांबलचक शब्द तोडून त्याला शेवटी ‘ई’ किंवा ‘ओ’ जोडण्याची पद्धत आहे आणि तसे करताना मूळच्या ‘स’चा अनेकदा ‘झ’ होतो. मॉस्किटो म्हणजे डास, त्याचे ‘मॉझी’ होते. टास्मानियाचे ‘टॅझी’ आणि ब्रिस्बेनचे ‘ब्रिझी’ होते. ब्रेकफास्टचे ‘ब्रेकी’, दुपारसाठीच्या आफ्टरनूनचे ‘आर्वो’ आणि पेट्रोल पंपाला म्हणतात त्या सर्व्हिस स्टेशनचे ‘सर्व्हो’ ही त्याच कुळातील रूपे आहेत. ही नावे कानावर असली की ‘ऑझी’ वेगळे पाठ करावे लागत नाही.

मराठी लेखकापुढे इथे आणखी एक अडचण येते. आपला ‘झ’ दोन प्रकारे उच्चारला जातो. ‘माझा’ म्हणताना तो दंततालव्य असतो आणि ‘माझी’ म्हणताना तालव्य होतो. त्यामुळे ‘ऑझी’ हे लिहिलेले रूप वाचताना मराठी जीभ आपोआप ‘माझी’च्या वळणाने जाते. इंग्रजीतील ध्वनी या दोन्हींपेक्षा निराळा आहे. ‘स’ म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवून कंठातून घोष दिला की तो नेमका उमटतो. लेखनात मात्र ‘झूम’, ‘झेब्रा’ आणि ‘न्यूझीलंड’ हे शब्द आपण जसे लिहितो, तसेच ‘ऑझी’ लिहावे. ‘ऑज़ी’ असे नुक्त्याचे रूप हिंदी मजकुरातून उचललेले असते, मराठी लेखनात त्याचे प्रयोजन नाही. ‘ऑस्ट्रेलियाई’ हे विशेषणही असेच हिंदीतून आले आहे. मराठीत ‘ऑस्ट्रेलियन’ किंवा सरळ ‘ऑस्ट्रेलियाचा’ म्हणावे.

अनेकवचनासाठी ‘ऑझीज’ लिहू नये. मराठीत आल्यावर शब्दाने मराठी विभक्ती घ्यावी. ती घेताना ‘माळी’चे ‘माळ्यांनी’ होते तसे ‘ऑझ्यांनी’ न करता, ‘हत्ती’चे ‘हत्तींनी’ होते तसे ‘ऑझींनी’ करावे, कारण परभाषेतून आलेल्या शब्दाचे मूळ रूप जितके अबाधित राहील तितका तो वाचकाला चटकन ओळखू येतो. हा शब्द पुरुष आणि स्त्री दोघांनाही तसाच लागतो. ‘ती ऑझी आहे’ हे वाक्य पूर्ण आहे.

हा अपशब्द आहे, असा समज

काही सावध संपादक ‘ऑझी’ हा हिणवणारा शब्द मानून तो मजकुरातून सरसकट काढून टाकतात. हा सावधपणा चुकीच्या जागी खर्च होतो. हे नाव ऑस्ट्रेलियन लोकांनी स्वतःच आपुलकीने धारण केलेले आहे आणि सामन्याच्या वेळी हजारो प्रेक्षक ‘ऑझी, ऑझी, ऑझी’ असा पुकारा करतात, तेव्हा त्याला ‘ऑय, ऑय, ऑय’ असे उत्तर देणारेही तेच असतात.

या नावाचा प्रसार पहिल्या महायुद्धाच्या काळात झाला. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संयुक्त सैन्यदलाचे सैनिक उतरले. त्या दलाच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ‘अँझॅक’ हा शब्द तयार झाला. पुढे हेच सैनिक फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि तिथे त्यांच्या बोलण्यात ‘ऑझी’ स्थिरावला. १९१८ साली त्या आघाडीवर ऑस्ट्रेलियन सैनिकांसाठी निघालेल्या एका मासिकाचे नावच ‘ऑझी’ होते. त्या काळी हा शब्द माणसाइतकाच देशासाठीही वापरला जाई आणि न्यूझीलंडमध्ये आजही ‘ऑझीला चाललो’ असे देशाबद्दल म्हणतात. ऑस्ट्रेलियात मात्र देशासाठी ‘ऑझ’ आणि माणसासाठी ‘ऑझी’ अशी विभागणी रूढ आहे. मराठी लेखकाने ही दुसरी रीत पाळली तर गोंधळ होत नाही.

एक तारीख येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व ही स्वतंत्र कायदेशीर बाब २६ जानेवारी १९४९ रोजी अस्तित्वात आली. त्याआधी तिथले लोक कायद्याच्या भाषेत ब्रिटिश प्रजाजन होते. म्हणजे खंदकांतील सैनिक एकमेकांना ‘ऑझी’ म्हणत होते, तेव्हा त्यांच्याकडे ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व नव्हते. या टोपणनावामागे तिथल्या लोकांची जी भावना आहे, ती या क्रमातून समजते.

याच काळातील ‘अँझॅक’ आणि ‘डिगर’ हे शब्द ‘ऑझी’चे समानार्थी म्हणून वापरणे ही मात्र खरोखरची चूक आहे. ‘डिगर’ म्हणजे सैनिक. ‘अँझॅक’ हा तर कायद्याने संरक्षित शब्द असून व्यापारासाठी तो वापरायला ऑस्ट्रेलियात सरकारी परवानगी लागते, आणि ओट्स व नारळाच्या ज्या बिस्किटांना हे नाव आहे त्यांना ‘कुकी’ म्हणणेही तिथे खपवून घेतले जात नाही. क्रिकेटच्या वृत्तांतात कोणत्याही ऑस्ट्रेलियन खेळाडूला ‘अँझॅक वीर’ म्हणण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

‘ऑझी’ म्हणजे गोरा माणूस, हे समीकरण

सर्वांत गंभीर चूक हीच आहे आणि ती करणारे अनेकदा स्वतः ऑस्ट्रेलियात राहत असतात. मराठी माणूस तिथून फोनवर सांगतो, “आमच्या ऑफिसात चार इंडियन, दोन चिनी आणि बाकी ऑझी आहेत.” या वाक्यात ‘ऑझी’चा अर्थ ‘गोरा’ असा झालेला असतो. त्या चार भारतीयांपैकी दोघांकडे ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असेल आणि त्या चिनी चेहऱ्याच्या सहकाऱ्याच्या चार पिढ्या व्हिक्टोरिया राज्यात जन्मल्या असतील, कारण १८५० च्या दशकातील सोन्याच्या शोधापासून चिनी कुटुंबे तिथे आहेत. तरीही वाक्याने त्यांना देशाबाहेर ठेवले.

ही सवय केवळ आपलीच नाही. ग्रीक आणि इटालियन स्थलांतरितांच्या मुलांनीही ब्रिटिश वंशाच्या वर्गमित्रांसाठी ‘स्किप’ हा वेगळा शब्द वापरला, तो दूरचित्रवाणी मालिकेतील ‘स्किपी’ नावाच्या कांगारूवरून. आपण आणि ‘ते’ अशी विभागणी त्यांनाही जाणवत होती, आणि त्या जाणिवेला कायद्याचाच आधार होता. १९०१ मध्ये संघराज्य स्थापन झाल्याबरोबर स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा संमत झाला. त्यात अधिकाऱ्याला नको असलेल्या प्रवाशाला कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालता येई. भाषा निवडण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे असल्यामुळे प्रवासी नापास होणे जवळजवळ ठरलेलेच असे. ही चाचणी १९५८ मध्ये बंद झाली आणि ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये हटवले गेले. ज्या काळात ‘ऑझी’ म्हणजे गोरा हे समीकरण सरकार स्वतः घडवत होते, तो काळ मागे पडून अर्धशतक उलटले आहे. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेल्या रहिवाशांची संख्या ६ लाख ७३ हजारांहून अधिक नोंदली गेली आणि परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडनंतर भारताचाच क्रमांक लागला. एवढ्या मोठ्या समाजाने स्वतःच ते जुने समीकरण शब्दांतून जिवंत ठेवावे, हे मला मनापासून खटकते.

लिसा स्थळेकर यांचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. त्यांचा जन्म १९७९ मध्ये पुण्यात झाला, तिथल्याच अनाथाश्रमातून त्यांना दत्तक घेण्यात आले आणि पुढे त्या सिडनीत वाढल्या. एकदिवसीय क्रिकेटमध्ये एक हजार धावा आणि शंभर बळी अशी कामगिरी करणाऱ्या त्या पहिल्या महिला खेळाडू ठरल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या विजयी संघात होत्या. त्यांच्याविषयी लिहिताना ‘ऑस्ट्रेलियाकडून खेळणारी भारतीय’ असे लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. पुण्याशी असलेले नाते जरूर सांगावे, त्याचा आनंदही मानावा. पण त्या ऑझी आहेत, त्यात कसलीही कसर नाही, आणि वाक्यरचनेतून तसे दिसले पाहिजे. इस्लामाबादला जन्मलेले उस्मान ख्वाजा जानेवारी २०११ मध्ये सिडनीला पहिली कसोटी खेळले. त्यांनाही हेच लागू होते.

उलट दिशेची चूक अधिक नाजूक आहे. त्या भूमीवर किमान पन्नास हजार वर्षांपासून राहत आलेल्या आदिम समाजांतील प्रत्येक व्यक्तीला ‘ऑझी’ हे नाव आपले वाटेलच, असे गृहीत धरू नये. काहींना ते वाटते. काहींना आपली ओळख आपल्या समाजाच्या नावाने दिलेली अधिक योग्य वाटते. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात ‘कूरी’, क्वीन्सलँडमध्ये ‘मरी’ आणि पर्थच्या बाजूला ‘नूंगार’ अशी ती नावे आहेत. ज्या २६ जानेवारीला ‘ऑस्ट्रेलिया दिन’ साजरा होतो, ती १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत सुरू झाल्याची तारीख आहे, आणि यांच्यापैकी अनेकांसाठी तो शोकाचा दिवस असतो. जनगणनेत त्यांची मोजदाद करण्यास आड येणारे कलम राज्यघटनेतून निघण्यासाठी १९६७ चे सार्वमत व्हावे लागले. त्यामुळे अशा व्यक्तीविषयी लिहिताना तिने स्वतःची ओळख जशी दिली असेल तशीच द्यावी. मुलाखत घ्यायची असेल, तर आरंभीच ‘आपला उल्लेख कसा करावा?’ असे विचारणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. त्यात कोणाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

एका शब्दावरून दुसरा शब्द बेतणे

‘ऑझी’ चालतो, मग बाकीच्यांचीही नावे अशीच तोडायला काय हरकत आहे, असा तर्क धोक्याचा आहे. पाकिस्तानी माणसाचे नाव याच पद्धतीने तोडले की जो शब्द तयार होतो, तो ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई लोकांना मारहाण करताना वापरली गेलेली शिवी आहे. ती शिवी तिथे मराठी माणसानेही ऐकलेली आहे, कारण शिवी देणारा पासपोर्ट तपासत नाही. आपल्या समाजमाध्यमांवर सामन्याच्या दिवशी तो शब्द सहज लिहिला जातो, हे दुःखद आहे. जपानी माणसाच्या नावाचे लघुरूपही युद्धकाळातील द्वेषाने माखलेले आहे आणि ऑस्ट्रेलियातील आदिम समाजांसाठी ‘ओ’कारान्त लघुरूप वापरणे हा तिथे उघड अपमान समजला जातो. शब्द कसा घडला यापेक्षा तो कोणी, कोणाला, कोणत्या हेतूने म्हटला यावर त्याचा दर्जा ठरतो.

न्यूझीलंडच्या माणसाला ‘किवी’ म्हणावे, तो तिथल्या न उडणाऱ्या पक्ष्यावरून आलेला प्रेमाचा शब्द आहे. त्याला ‘ऑझी’ मात्र चुकूनही म्हणू नये. दोन्ही देशांत जुनी चुरस आहे आणि १ फेब्रुवारी १९८१ रोजी न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ट्रेव्हर चॅपेल यांनी शेवटचा चेंडू सरपटत टाकल्याची आठवण तिकडे अजून ताजी आहे.

‘कांगारू’ कोणाला म्हणावे

मराठी वर्तमानपत्रांत ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाला ‘कांगारू’ म्हणण्याची परंपरा आहे आणि ‘कांगारूंची दाणादाण’ हा मथळा वाचकाला क्षणात कळतो. मराठीपुरता हा वापर चुकीचा नाही. अडचण येते ती ऑस्ट्रेलियन मजकुराचे भाषांतर करताना, कारण तिथे ‘कांगारूज’ म्हणजे पुरुषांचा रग्बी लीग संघ. रग्बी युनियनचा संघ ‘वॉलबीज’, पुरुषांचा फुटबॉल संघ ‘सॉकरूज’, महिलांचा ‘मटिल्डाज’, पुरुषांचा हॉकी संघ ‘कूकाबराज’ आणि महिलांचा ‘हॉकीरूज’ या नावांनी ओळखला जातो. मूळ बातमीत ‘कांगारूज’ दिसले, म्हणजे क्रिकेटचा विजय झाला असे समजून भाषांतर करू नये. एखाद्या व्यक्तीला उद्देशून ‘कांगारू’ म्हणणे तर टाळावेच; संघाला शोभणारे रूपक माणसाला शोभत नाही.

देशांतर्गत टोपणनावेही असतात. क्वीन्सलँडच्या रहिवाशाला ‘बनाना बेंडर’, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रहिवाशाला ‘क्रो ईटर’ आणि पश्चिमेकडच्याला ‘सँडग्रोपर’ म्हणतात. ही आपसांतली थट्टा आहे. बाहेरच्या माणसाने ती नावे समजून घ्यावीत, वापरू नयेत.

माणूस, चलन, कुत्रा की खेळ?

‘ऑझी घसरला’ असा मथळा अर्थविषयक पानावर असेल, तर तो ऑस्ट्रेलियन डॉलरविषयी असतो. चलन बाजारात त्या डॉलरला ‘ऑझी’ आणि न्यूझीलंडच्या डॉलरला ‘किवी’ म्हणतात. मराठीत पहिल्या उल्लेखात ‘ऑस्ट्रेलियन डॉलर’ असे पूर्ण लिहावे. श्वानप्रेमींच्या मजकुरातील ‘ऑझी’ म्हणजे ऑस्ट्रेलियन शेफर्ड जातीचा कुत्रा, आणि ती जात नावाप्रमाणे ऑस्ट्रेलियात नव्हे, अमेरिकेच्या पश्चिम भागात विकसित झाली. ‘ऑझी रूल्स’चे भाषांतर ‘ऑस्ट्रेलियाचे नियम’ असे केल्यास वाक्य निरर्थक होते. तो अंडाकृती मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंच्या दोन संघांनी खेळायचा फुटबॉल आहे, त्याचे पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्नला लिहिले गेले.

औपचारिक मजकुरात आणि अर्जांत

‘ऑझी’ हा बोलीतला शब्द आहे. ‘ऑझी कर्णधार’ किंवा ‘ऑझी गोलंदाज’ क्रीडा पानावर शोभतो. ‘ऑझी पंतप्रधान’, ‘ऑझी उच्चायुक्त’ किंवा ‘ऑझी न्यायालय’ शोभत नाही. शोकवार्ता, अपघात आणि गुन्ह्याच्या बातमीतही ‘ऑस्ट्रेलियन नागरिक’ असेच लिहावे. विद्यापीठाच्या अर्जावर किंवा व्हिसाच्या कागदावर हा शब्द कुठेच येता कामा नये.

स्थायी वास्तव्याचा परवाना आणि नागरिकत्व यांत गल्लत करणे ही याच्याशी जोडलेली चूक आहे. परवाना मिळालेल्या मुलाचे घरी ‘तो आता ऑझी झाला’ असे कौतुक होते. बोलण्यात ते चालेल, पण बातमीत किंवा मंडळाच्या स्मरणिकेत त्याला ‘ऑस्ट्रेलियन नागरिक’ लिहिणे चुकीचे ठरेल, कारण तो अजून भारताचाच नागरिक असतो. नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे चार वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि त्यांतील शेवटचे एक वर्ष स्थायी रहिवासी म्हणून काढणे आवश्यक असते. त्याशिवाय वीस प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे तिकडची शपथ घेतली की इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो. इतका मोठा निर्णय एखाद्याच्या नावावर केवळ शब्दाच्या ढिलाईमुळे चढवू नये.

चूक झालीच, तर

बोलताना चूक झाल्यास लांबलचक क्षमायाचना करू नये. न्यूझीलंडच्या पाहुण्याला ‘ऑझी’ म्हटले गेले, तर ‘माफ करा, आपण न्यूझीलंडचे’ एवढे म्हणून पुढचे बोलणे सुरू ठेवावे. समोरच्याला हाक मारण्यासाठी ‘अरे ऑझी’ असे संबोधन वापरू नये. तिथे पहिल्या नावाने हाक मारण्याचीच पद्धत आहे, वरिष्ठांनाही. त्यांच्या उच्चारांची नक्कल करून जवळीक साधण्याचा प्रयत्नही टाळावा. विशेषतः १९८० च्या दशकातील पर्यटन जाहिरातीमुळे प्रसिद्ध झालेले ‘बार्बीवर श्रिंप’ (‘बार्बी’ म्हणजे बार्बेक्यू) हे वाक्य ऐकवू नये, कारण ती जाहिरात अमेरिकी प्रेक्षकांसाठी होती आणि ऑस्ट्रेलियात कोळंबीला ‘प्रॉन’ म्हणतात.

लिहिलेला मजकूर दुरुस्त करताना एक साधी चाचणी उपयोगी पडते. ‘ऑझी’च्या जागी ‘ऑस्ट्रेलियन नागरिक’ घालून वाक्य पुन्हा वाचावे आणि ते खरे राहते का, हे पाहावे. ‘गणेशोत्सवाला भारतीयांबरोबर अनेक ऑझीही आले होते’ हे वाक्य या चाचणीत टिकत नाही, कारण त्यातील ‘भारतीयां’पैकी कित्येक जण ऑस्ट्रेलियाचेच नागरिक असतात. ते ‘गणेशोत्सवाला मराठी कुटुंबांबरोबर परिसरातील इतर समाजांचे शेजारीही मोठ्या संख्येने आले होते’ असे करावे. ‘त्याची बायको ऑझी आहे’ या वाक्यात ती तिथे जन्मली, तिथली नागरिक आहे की केवळ गोरी आहे, हे सांगणाऱ्यालाच विचारून घ्यावे आणि उत्तर मिळेल त्याप्रमाणे ‘तिचा जन्म ॲडलेडचा’ किंवा ‘तिचे आईवडील आयर्लंडहून आलेले’ असे नेमके लिहावे. आणि ती गोरी आहे एवढेच सांगायचे असेल, तर ते वाक्य मजकुरातून काढून टाकावे.